अमेरिकेची यादवी: जकातीचा वाद मिटला, गुलामगिरीचा का नाही?

1832 साली साउथ कॅरोलायना राज्याने केंद्र सरकारचा जकात कायदा आपल्या हद्दीत लागू नाही, असा ठरावच केला. उत्तरेतल्या कारखान्यांच्या संरक्षणासाठी परदेशी मालावर लावलेले जबर शुल्क दक्षिणेच्या मळेवाल्यांना निव्वळ भुर्दंड वाटत होते, कारण त्यांचा कापूस इंग्लंडला जायचा आणि तयार माल तिकडून यायचा. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी सैन्य वापरण्याची तयारी केली. तरीही युद्ध झाले नाही. 1833 मध्ये तडजोड निघाली: शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवून 1842 पर्यंत 20 टक्क्यांवर आणायचे.

याच राज्याने 20 डिसेंबर 1860 रोजी देशाशी नाते तोडले. तेव्हा तर जकात कित्येक दशकांतली सर्वांत कमी होती. म्हणूनच ‘शेतीप्रधान दक्षिण विरुद्ध कारखानदार उत्तर’ हे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे पडते. जकात हा आकडा आहे, तो घासाघीस करून कमी-जास्त करता येतो. माणसांवरच्या मालकीहक्काचे तसे नव्हते.

1793 मध्ये एली व्हिटनी यांचे सरकी काढण्याचे यंत्र आले आणि आखूड धाग्याचा कापूस पिकवणे परवडू लागले. 1790 मध्ये सुमारे 7 लाख लोक गुलामीत होते. 1860 मध्ये 39.5 लाख. देशाच्या निर्यातीतला निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा झाला. मळेवाल्यांची सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे त्यांनी गुलाम केलेली माणसे. या माणसांवर लावलेली किंमत देशातल्या रेल्वे आणि कारखान्यांच्या एकूण भांडवलाहून जास्त भरत होती. पश्चिमेकडे नवी जमीन गुलामगिरीसाठी खुली झाली की ही किंमत चढे, तिथे बंदी आली की धोक्यात येई. त्यामुळे नव्या प्रदेशांचा प्रश्न थेट पैशाचा होता.

हा पैसा सांभाळणारे कुलूप सिनेटमध्ये होते. लोकसंख्या वाढत गेल्याने प्रतिनिधीगृह उत्तरेकडे झुकले, पण सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच जागा. 1819 मध्ये गुलामगिरीची 11 आणि बंदीची 11 राज्ये होती. 1820 च्या तडजोडीने गुलामगिरीचे मिसुरी व बंदीचे मेन जोडीने आत घेतले आणि पश्चिमेच्या प्रदेशात 36 अंश 30 मिनिटे अक्षांशावर रेघ ओढली: तिच्या उत्तरेला, मिसुरी वगळता, गुलामगिरीला बंदी. 1850 मध्ये कॅलिफोर्निया बंदीचे राज्य म्हणून आले आणि तोल 16 विरुद्ध 15 झाला. 1854 च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती रेघच पुसली आणि कॅन्ससमध्ये रक्तपात सुरू झाला. 1857 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात सांगितले, की अशा प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकार संसदेला नाही. म्हणजे मधला मार्ग काढायची कायदेशीर सोयही गेली. 1860 पर्यंत हिशेब 18 विरुद्ध 15 वर आला होता.

माझ्या मते याहून गंभीर मोडतोड पक्षांची झाली. व्हिग पक्ष संपला, 1860 मध्ये डेमोक्रॅट दुभंगले. दोन्हीकडे मते मागणारा पक्षच उरला नाही, तेव्हा पलीकडच्यांना दुखावण्याची भीतीही उरली नाही. त्या काळी मतपत्रिका सरकार नव्हे, पक्ष छापत. गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार होते अब्राहम लिंकन. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत त्यांच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती. तरी सुमारे 40 टक्के मतांवर ते 303 पैकी 180 निर्वाचक मते (राष्ट्राध्यक्ष ठरवणारी राज्यवार मते) मिळवून जिंकले. आपल्याला वगळूनही सत्ता मिळते, हे दक्षिणेला लख्ख दिसले. गुलामगिरी आहे तिथे हात लावणार नाही, हे रिपब्लिकन पक्षाचे आश्वासन पुढे पाळले जाईल याची हमी कोण देणार? मार्च 1861 मध्ये संसदेने तसा घटनादुरुस्तीचा प्रस्तावही मंजूर केला, पण गेलेली सात राज्ये परतली नाहीत.

कोण आधी फुटले, ते पाहा. साउथ कॅरोलायनात 57 टक्के आणि मिसिसिपीत 55 टक्के लोक गुलामीत होते. पहिली दोन राज्ये तीच. केंटकी (सुमारे 20), मेरीलँड (13) आणि डेलावेअर (2) संघराज्यातच राहिली. व्हर्जिनिया (31) मध्यावर होते. 4 एप्रिल 1861 ला तिथल्या अधिवेशनाने फुटण्याचा ठराव फेटाळला. 12 तारखेला फुटलेल्या राज्यांनी साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट समटर या केंद्राच्या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि युद्ध सुरू झाले, 15 ला लिंकन यांनी 75,000 स्वयंसैनिक मागवले आणि 17 ला तोच ठराव 88 विरुद्ध 55 मतांनी मंजूर झाला.

विरोधी मतांतली बरीच पश्चिमेच्या डोंगराळ भागातली होती. तिथे गुलाम मोजके, आणि करांची जुनी तक्रार: 1851 च्या राज्यघटनेनुसार 12 वर्षांखालच्या गुलामांवर कर नव्हता, मोठ्यांची किंमत कितीही असली तरी कर 300 डॉलरवरच, डोंगरातल्या शेतकऱ्याच्या गुराढोरांवर मात्र पूर्ण किमतीवर. हा भाग व्हर्जिनियातूनच फुटला आणि गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याची अट मान्य करून 20 जून 1863 रोजी वेस्ट व्हर्जिनिया म्हणून संघराज्यात आला.