जुन्या कोन्याकचं वय नेमकं कुठं मोजायचं?

दीडशे वर्षांची कोन्याक चाखली असं कोणी सांगितलं, तर आधी विचारावं: त्यातली पिंपात किती वर्षं? कोन्याक ही फ्रान्समधल्या कोन्याक भागात द्राक्षांपासून बनणारी ब्रँडी, आणि ब्रँडीचं वय ओकच्या लाकडात वाढतं, काचेत थांबतं. 1865 च्या द्राक्षांची ब्रँडी 1905 मध्ये बाटलीत गेली असेल, तर आज उघडली तरी ती चाळीस वर्षांचीच.

कोन्याक जिच्यापासून गाळतात ती शारांत नदीकाठची वाईन मुळात पातळ आणि आंबट. डच व्यापाऱ्यांना ती बोटीवर टिकेना, म्हणून सोळाव्या-सतराव्या शतकात ती गाळून नेणं सुरू झालं. तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळलेला हा अर्क सत्तर टक्क्यांच्या आसपास कडक असतो. पिंपात राहिला की तो निवळतो, हे पुढे अनुभवानं कळलं. मार्टेल (1715), रेमी मार्तां (1724), हेनेसी (1765) ही घराणी त्यावरच उभी राहिली.

पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के ब्रँडी उडून जाते. तिला तिथं देवदूतांचा वाटा म्हणतात. त्या वाफेवर पोसलेल्या बुरशीनं कोन्याक गावातल्या गोदामांच्या भिंती आणि छपरं काळवंडलेली आहेत. लाकूड पुरेसं लागलं, आता आणखी लागलं तर चव कडवट होईल, असं वाटलं की तळघराचा प्रमुख माल वेताच्या वेष्टणातल्या मोठ्या काचेच्या बुधल्यांत काढून ठेवतो. तोवर ब्रँडीत 'रान्सियो' उतरलेला असतो: जुना अक्रोड, मशरूम, ओलसर लाकूड असा वास. खऱ्या जुन्या कोन्याकची ओळख हीच. ज्याला नुसता व्हॅनिला लागला, त्यानं बहुधा तरुण माल चाखला.

1870 च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या किडीनं तिथल्या वेलींची मुळं खाल्ली. उपाय म्हणजे अमेरिकी खुंटावर कलम, पण चुनखडीच्या जमिनीत बरेच खुंट पिवळे पडत. 1887 मध्ये फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ पिएर व्हियाला त्यावर तोड शोधायला अमेरिकेला गेले. तिथं टेक्सासमधल्या डेनिसन गावच्या टी. व्ही. मन्सन या द्राक्षतज्ज्ञांनी त्यांना चुनखडीत तगणाऱ्या रानवेली दाखवल्या. (नाशिक-सांगलीच्या बागायतदारांचा 'डॉगरिज' खुंटही मन्सननीच टेक्सासमध्ये निवडलेला, आपल्याकडे तो खारवट जमीन आणि पाण्याच्या ताणासाठी वापरतात.) कोन्याक वाचली, पण जुनी फोल ब्लांश द्राक्षं कलमावर कुजू लागली आणि त्यांची जागा उन्यी ब्लां या दुसऱ्या जातीनं घेतली. किडीपूर्वीच्या बाटल्यांना चढा भाव मिळतो तो यामुळे. त्यातला बराचसा पैसा चवीपेक्षा कथेला जातो, असं माझं मत.

लेबलवरच्या वयाच्या श्रेणीवरून फारसं कळत नाही. व्ही.एस.ओ.पी. म्हणजे मिश्रणातली सर्वांत तरुण ब्रँडी किमान 4 वर्षांची, एक्स.ओ.साठी ही अट 2018 पासून 6 वरून 10 वर्षांवर गेली. त्याहून जुनं काही घ्यायचं तर बाटलीत कधी भरली ते विचारा, आणि बुचाखालची पातळी बघा. बाटली आडवी ठेवलेली असेल तर अल्कोहोलनं बूच खाल्लेलं असू शकतं.