गिझरमधला क्षार आणि गुडघ्यातला क्षार

सोलापुरात बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरची कॉइल काढून पाहिली, की तिच्यावर पांढरट, खडबडीत थर बसलेला दिसतो. मग गुडघ्याच्या एक्स-रेच्या अहवालात ‘कॉन्ड्रोकॅल्सिनोसिस’ असं आलं आणि ‘कूर्चेत कॅल्शियम साठलंय’ एवढा अर्थ कळला, की घरातल्यांचा पहिला संशय या पाण्यावरच जातो. बोअरचं पाणी बंद होतं, पाठोपाठ आजीचं दूधही.

पण हे दोन क्षार वेगळे आहेत. कॉइलवरचा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. व्हिनेगर टाकलं की तो फसफसतो. कूर्चेतले स्फटिक कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे असतात, आणि त्यातलं पायरोफॉस्फेट पाण्यातून येत नाही. ते कूर्चेतल्या पेशींच्या कामातूनच तयार होतं. एरवी अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर त्याचे तुकडे करतं आणि त्यासाठी त्याला मॅग्नेशियम लागतं. तयार जास्त झालं किंवा तुटलं कमी, की उरलेलं पायरोफॉस्फेट कॅल्शियमला धरून स्फटिक होऊन बसतं. लिंबूपाण्यानं ते विरघळत नाही. ते विरघळवणारं औषधही आजवर निघालेलं नाही.

पाण्यावरच्या संशयाला लोकसंख्येचे आकडेही साथ देत नाहीत. बीजिंगमधल्या साठीपुढच्या लोकांच्या गुडघ्यांचे एक्स-रे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या लोकांशी ताडून पाहिले, तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. फ्रेमिंगहॅममध्ये ६.२ टक्के पुरुष आणि ७.७ टक्के स्त्रियांमध्ये हा साठा दिसला, बीजिंगमध्ये १.८ आणि २.७ टक्के. बीजिंगचं पिण्याचं पाणी तर तेव्हा कॅल्शियमनं भरलेलं होतं. संशोधकांनी आनुवंशिक फरकाबरोबर आणखी एक शक्यता मांडली, ती अशी: पोटात कॅल्शियम पुरेसं गेलं की रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी शांत राहतात आणि त्यामुळे साठा कमी होत असावा. ही शक्यताच आहे, पण जड पाण्यानं गुडघे चुनखडीचे होतात या समजुतीच्या नेमकी उलट दिशेची.

वंश आणि गाव यांच्याआधी वय पाहायला हवं. फ्रेमिंगहॅमच्याच आधीच्या, १९८९ सालच्या अभ्यासात ६३ ते ९३ वयाच्या लोकांत एकूण प्रमाण ८.१ टक्के होतं. पण सत्तरीच्या आतल्यांत ते ३.२, आणि पंच्याऐंशीच्या पुढे २७.१! इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्येही ५५ ते ५९ या वयात ३.७ टक्के, तर ८० ते ८४ मध्ये १७.५. त्यामुळे ‘आठ टक्के लोकांना असतं’ असं सरसकट म्हणण्यात अर्थ नाही. ज्येष्ठ नागरिक संघाच्या शिबिराला आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या चाळिशीतल्या बायकांना एकच पट्टी लावता येत नाही.

शिवाय आकडा कुठे पाहिलं यावरही ठरतो. नुसते गुडघे पाहिले तर मनगट, जांघेचा सांधा आणि ओटीपोटाच्या हाडांचा जोड इथले साठे सुटतात. एक्स-रेमध्ये थोडासा साठा दिसतही नाही. सोनोग्राफीत तो बऱ्याचदा सापडतो. फिल्मवर ओळखायची खूण साधी आहे. ज्या ‘गॅप’बद्दल सगळे बोलतात, त्या काळ्या मोकळ्या जागेत हाडाच्या कडेला समांतर जाणारी बारीक पांढरी रेघ, किंवा गुडघ्यातल्या गादीत पांढरा त्रिकोण. हाडाच्या कडेला वाढलेला काटा म्हणजे हे नव्हे. दोन्ही एकाच गुडघ्यात असू शकतात, एवढंच.

पंच्याहत्तरीतल्या माणसाच्या फिल्मवर अशी रेघ दिसली आणि त्रास काही नसला, तर धावपळ करू नये. साठीच्या आत दिसली तर मात्र कारण शोधावं: रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, अल्कलाइन फॉस्फेटेज, पॅराथायरॉइड हार्मोन आणि लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन. जुनी दुखापत किंवा गादी काढल्याचं ऑपरेशनही विचारून घ्यावं. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी मॅग्नेशियम उतरतं, हे सहसा कुणी विचारातच घेत नाही. घराण्यात चालत आलेला प्रकारही असतो; त्यातल्या एएनकेएच या जनुकातला दोष २००२ साली सापडला.

गुडघा किंवा मनगट एका रात्रीत सुजून, लाल होऊन गरम झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. या स्फटिकांमुळे असा झटका येऊ शकतो, पण जंतुसंसर्गही अगदी असाच दिसतो. सांध्यातलं पाणी सुईनं काढून ताजं असतानाच ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गाउटचे यूरिक ॲसिडचे स्फटिक सुईसारखे आणि ठळक चमकणारे. पायरोफॉस्फेटचे आखूड, तिरक्या चौकोनासारखे आणि फिकट, म्हणून घाईत निसटतात. सापडले, तरी जंतूंचं कल्चर, म्हणजे ते पाणी ठेवून त्यात जंतू वाढतात का ही तपासणी, थांबवायची नसते. स्फटिक आणि जंतू एकाच सांध्यात एकाच वेळी असू शकतात.