डायबेटिसवाल्यांची एआयने डोळे तपासणी

शुगर असलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायचा आणि त्यात डायबेटिक रेटिनोपॅथी दिसते का ते कॉम्प्युटरने सांगायचं, अशी ही तपासणी. हा आजार सुरुवातीला कळतच नाही, दुखत नाही, नजरही चांगली असते, पण आत पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या फुगून पाझरायला लागलेल्या असतात आणि पुढे नव्या नाजूक वाहिन्या फुटून डोळ्यात रक्त उतरतं तेव्हा माणूस दवाखान्यात धावतो, तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. म्हणून टाइप २ असेल तर निदान झाल्या झाल्या आणि मग दरवर्षी पडदा बघून घ्यायचा असतो. पण २०२३ मध्ये छापून आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सर्व्हेनुसार देशात डायबेटिसचे पेशंट १० कोटींच्या वर आहेत, एवढ्यांना बघायला रेटिनाचे डॉक्टर पुरणार कसे?

२०१६ मध्ये गूगलच्या टीमने सव्वा लाखावर फोटोंवर शिकवलेला प्रोग्रॅम मांडला, त्यातले बरेच फोटो भारतातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलांतले होते. २०१८ ला अमेरिकेत आयडीएक्स-डीआर नावाच्या अशाच एआय प्रोग्रॅमला मंजुरी मिळाली, म्हणजे डॉक्टरने फोटो न बघताही रिझल्ट देता येईल अशी.

आपल्याकडचं महत्त्वाचं काम मुंबईत झालं. महापालिकेच्या दवाखान्यांत २३१ डायबेटिक पेशंटचे फोटो स्मार्टफोनवरच्या फंडस कॅमेऱ्याने (डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने) काढले आणि एआय फोनमध्येच ऑफलाइन चालवलं. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायलाच हवेत असे सगळे पेशंट त्याने पकडले, गरज नसलेल्यांपैकी मात्र साधारण १२ टक्के उगाच पाठवले गेले, आणि माझ्या मते ते चालतं, कारण एक फेरी वाया गेलेली परवडते, नजर गेलेली नाही. पेशंट कमी होते हे खरं, पण नेट लागत नाही ही गोष्ट फार मोठी आहे, कारण थायलंडच्या क्लिनिकमध्ये गूगलचाच प्रोग्रॅम वापरला तेव्हा खोलीत नीट अंधार नसल्याने वगैरे पाचातला एक फोटो नाकारला गेला आणि स्लो इंटरनेटमुळे लोक ताटकळत बसले.

मोतीबिंदू पिकलेला असेल तर फोटो धूसर येतो, अशा पेशंटला सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडेच पाठवावं लागतं. लेझर द्यायचा की इंजेक्शन, हेही तिथेच ठरतं. आणि फक्त रेटिनोपॅथीसाठी बनवलेल्या प्रोग्रॅमने ओके दिलं म्हणजे काचबिंदू नाही असं अजिबात समजू नये, त्याची तपासणी वेगळी करावी लागते.