खुली जागा कोणाची? नगरपरिषदांच्या गावांतला उन्हाळा आणि वस्तीची निगा

नगरपरिषदेच्या गावात एप्रिल-मे महिन्यांत एकाच जागेवर दोन गोष्टींची गर्दी होते. संध्याकाळी मुलांचं शिबिर, व्याख्यान, जयंतीचा कार्यक्रम. दिवसा पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई, फांद्यांची छाटणी, खड्ड्यांत मुरूम. मांडव पडतो आणि मुरमाचा ढीगही पडतो ती जागा बहुतेक वेळा लेआउटमधली, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या कॉलनीतली, ‘खुली जागा’ असते. ती नेमकी कोणाची, हा प्रश्न बरीच वर्षं कोणी सोडवलेला नाही. या टिपणाचा मोठा भाग त्यातच जाणार आहे.

उन्हाळी कार्यक्रमांची परंपरा जुनी आहे. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. शाळा-कॉलेजं आणि कोर्टं सुट्टीवर असल्याने वक्ते मोकळे, श्रोते मोकळे आणि शाळेचं पटांगणही मोकळं. तालुक्याच्या गावांनी पुढे हाच हिशेब उचलला. नगरपालिकांना लोकनियुक्त चेहरा मिळू लागला तो १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर. १८९६ च्या प्लेगने सफाई हा सरकारी बडग्याचा विषय करून टाकला. श्रमदान आणि हातात झाडू घेऊन गावोगाव फिरलेले संत या सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी आहेत, त्या इथे सोडून देतो.

आजची गुंतागुंत १९६५ च्या नगरपरिषद कायद्यापासून सुरू होते. त्यात कामांची दोन गटांत विभागणी आहे: करावीच लागणारी आणि ऐपतीप्रमाणे करायची. रस्ते झाडणं, गटारं साफ करणं, दिवाबत्ती ही पहिल्या गटात. बागा, उद्यानं, वाचनालयं दुसऱ्या गटात. कागदावर ही विभागणी समंजस वाटते. प्रत्यक्षात गटार तुंबलं तर नगरपरिषदेला जाब विचारता येतो. मैदानात बाभळी माजल्या तर ‘निधी उपलब्ध झाल्यावर’ एवढंच उत्तर मिळतं.

त्यानंतर शेतजमिनी एनए (बिगरशेती) होऊन गावाभोवती लेआउट पडत गेले. मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा रहिवाशांच्या विरंगुळ्यासाठी मोकळी ठेवायची, हा नियम निरनिराळ्या नियमावल्यांत होता. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत चार हजार चौरस मीटर आणि त्यापुढच्या जमिनीसाठी तो आहे. विकासक नकाशावर हिरवी चौकट दाखवतो, मंजुरी घेतो, प्लॉट विकतो आणि निघून जातो. त्या चौकटीचा सातबारा मात्र पुष्कळ ठिकाणी मूळ मालकाच्याच नावावर राहतो. वीस वर्षांनी वारस येतात, सातबारा दाखवतात आणि कुंपण घालायला लागतात. मगच कॉलनीला जाग येते.

मग जागा कोणाची? न्यायालयांनी यावर दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या आहेत, आणि दोन्ही आपापल्या सोयीने वाचल्या जातात. १९९१ साली बंगळूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देता येणार नाही असं ठरवलं. उद्यानाची जागा म्हणजे दुसरं काही सुचेपर्यंत पडून असलेली जमीन नव्हे, हा त्यातला मथितार्थ. तीन वर्षांनी, १९९४ मध्ये, दिल्लीच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजू मांडली: लेआउट मंजूर करताना महापालिकेला खुल्या जागेची मालकी फुकटात मागता येणार नाही. मालक मालकच राहतो, पण ती जागा तो लोकांच्या वतीने सांभाळतो. मनाला येईल तशी वापरू किंवा विकू शकत नाही. महापालिकेकडे येऊ शकते ती फार तर व्यवस्था.

म्हणजे मालकी एकाकडे, उपभोग दुसऱ्यांकडे आणि व्यवस्था जमल्यास तिसऱ्याकडे. खटल्याचा निकाल म्हणून हे चोख आहे. पण मे महिन्यात तिथलं गवत कोणी कापायचं, याचं उत्तर त्यात नाही. नगरपरिषद म्हणते, जागा आमच्याकडे हस्तांतरित नाही. रहिवासी म्हणतात, आम्ही मालमत्ता कर भरतो. विकासकाचा फोन लागत नाही. माझ्या मते १९९४ च्या निकालाचा आधार घेऊन हात झटकणं हा निव्वळ बहाणा आहे. व्यवस्था स्वीकारायला त्या निकालाने कुठेही मनाई केलेली नाही. काही मुख्याधिकारी ती स्वीकारतात आणि काही नाहीत, यावरून हे पुरेसं स्पष्ट होतं.

मधली पोकळी भरून काढतो तो निधी. आमदार निधी, जिल्हा नियोजन, विशेष अनुदान यांतून सभामंडप, ओपन जिम आणि पेव्हर ब्लॉक येतात. सभामंडपात आधी कार्यक्रम होतात आणि पुढे एखादी मूर्तीही येते. सार्वजनिक जागांवर नवी धार्मिक बांधकामं होऊ देऊ नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २९ सप्टेंबर २००९ चा आहे. त्यामुळे कोणतं बांधकाम या तारखेआधीचं आणि कोणतं नंतरचं, यावर गावोगाव खडाजंगी होते. पेव्हर ब्लॉकबद्दल असा आदेश कोणी दिला नाही, ही खेदाची गोष्ट. मैदानाचं अंगण झालं की मुलं खेळत नाहीत, पाणी मुरत नाही आणि दुपारी तिथे पाय ठेववत नाही.

लोकांचं म्हणणं ऐकायची सोय कायद्यात करायचा प्रयत्न झाला. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, तिच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरी संस्थांकडे द्यायच्या कामांच्या यादीत, उद्यानं आणि क्रीडांगणं आली. पण प्रभाग समितीची सक्ती तीन लाख आणि त्याहून जास्त लोकवस्तीच्या शहरांनाच आहे. चाळीस-पन्नास हजारांची गावं बाहेरच राहिली. ती उणीव भरायला २००९ साली महाराष्ट्राने क्षेत्रसभेची, म्हणजे वस्तीतल्या मतदारांच्या सभेची, तरतूद केली. सभा बोलवायची नगरसेवकाने आणि अध्यक्षही तोच. ज्याच्याबद्दल तक्रार, त्याच्याच अध्यक्षतेखाली तक्रार मांडायची. त्यात दोन सदस्यांचे प्रभाग आले आणि एक नगरसेवक दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला.

२०१४ च्या स्वच्छ भारत मोहिमेनंतर आणि २०१६ पासूनच्या स्वच्छ सर्वेक्षणामुळे सफाईला गुण मिळू लागले. ओला-सुका कचरा वेगळा करण्याचे नियमही २०१६ सालीच आले. फरक पडला, हे नाकारता येत नाही. घंटागाडी वेळेवर येऊ लागली. पण सुरुवातीच्या वर्षांत सर्वेक्षणाची पाहणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उरकायची. भिंती रंगवून, घोषवाक्यं लिहून मार्च संपला की हुरूप ओसरायचा, आणि खरी निगा लागते ते महिने त्यानंतर यायचे. नव्या आर्थिक वर्षाच्या निविदा निघून नालेसफाई सुरू होते तोवर मे उजाडतो. कंत्राटदार गाळ काढून नाल्याच्या काठावरच टाकतो. चार दिवसांत त्याचा वरचा थर वाळून तडकतो, आत प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चपला तशाच ओल्या. उचलून न्यायचं काम वेगळ्या देयकातलं असतं. पहिल्या वळवाने निम्मा गाळ परत नाल्यात. त्याच काठाला लागून शिबिराचा मांडव असला तर वासामुळे पालकांचे फोन नगरपरिषदेत जातात आणि गाळ एका दिवसात हलतो. नुसती लेखी तक्रार दिलेल्या गल्लीत तो पाऊस पडेपर्यंत पडून राहतो.

२०२१ च्या अखेरीपासून आरक्षणाच्या वादामुळे निवडणुका रखडल्या आणि बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक बसले. नगरसेवक नाही म्हणून क्षेत्रसभाही नाही. सलग काही उन्हाळे मांडवाची परवानगी, टँकर, दिव्याच्या खांबावरून तात्पुरती वीज या सगळ्यासाठी एकाच टेबलासमोर रांग लागली. काही मंडळांना ते सोयीचंच वाटलं, कारण कोणाचा फ्लेक्स आधी लावायचा हा प्रश्न मिटला होता. पण व्याख्यानमालांसारखे जुने, वर्गणीवर चालणारे उपक्रम आणि प्रायोजकाच्या नावाने होणारी शिबिरं यांतला फरक या काळात ठळक झाला. पहिल्यांना मैदान हवं असतं. दुसऱ्यांना मंगल कार्यालयाचा हॉलही चालतो, त्यामुळे खुल्या जागेची त्यांना फिकीर नसते.

मतदान अखेर डिसेंबर २०२५ मध्ये झालं, त्यामुळे २०२६ चा उन्हाळा नव्या सभागृहांचा पहिला. कॉलन्यांची मागणी साधी आहे: गावातल्या सगळ्या खुल्या जागांची यादी, प्रत्येकीचा सातबारा आणि व्यवस्था कोणाकडे याची नोंद जाहीर करा. यादी करणं अवघड नाही, मंजूर नकाशे नगररचना विभागात आहेत. अडतं ते जाहीर करण्यात. यादी लागली की त्यावरची अतिक्रमणंही दिसणार, आणि अतिक्रमण करणाऱ्यांत मांडवाला घसघशीत वर्गणी देणारेही असतात.