ओकवनातील मठ

कास्पार डाव्हिड फ्रीड्रिख (१७७४–१८४०) या जर्मन स्वच्छंदतावादी चित्रकाराचे १८०९-१० मधील तैलचित्र. आकार सुमारे ११० × १७१ सेंमी. ते बर्लिनच्या आल्टे नात्सिओनालगालेरी या संग्रहालयात आहे.

चित्राच्या मधोमध पडक्या चर्चची एकच भिंत उभी आहे. तिच्या उंच, टोकदार खिडकीतून मागचे आकाश आरपार दिसते. दोन्ही बाजूंना मोडक्या फांद्यांचे निष्पर्ण ओक. खाली बर्फात कलंडलेले क्रूस आणि एक उघडी कबर. कबर मागे टाकून शवपेटी वाहणारे भिक्षू दाराकडे निघाले आहेत. दारात क्रूसापाशी दोन दिवे मिणमिणतात. ही माणसे इतकी लहान व अंधुक आहेत की पहिल्या नजरेत ती सुटूनच जातात. जमिनीलगत सगळे तपकिरी धुक्यात बुडालेले, तर वर पिवळसर उजेड आणि त्यात चंद्राची पुसट कोर. झाडांचे शेंडे तेवढे त्या उजेडात पोचतात.

हे अवशेष एल्डेना मठाचे. सिस्टर्शियन या कॅथलिक भिक्षूंच्या पंथाचा, लाल विटांचा हा मठ ११९९ मध्ये ग्राइफ्सवाल्डजवळ स्थापन झाला. ग्राइफ्सवाल्ड हे फ्रीड्रिखचे जन्मगाव. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात मठ बंद पडला, तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) त्याची आणखी हानी झाली आणि उरल्यासुरल्या विटा लोकांनी दुसऱ्या बांधकामांसाठी नेल्या. म्हणजे चित्रातले भिक्षू फ्रीड्रिखच्या काळात तिथे असणे शक्यच नव्हते. चित्राला स्थळाची नोंद मानले, तर त्याचा गाभाच हातून निसटतो. फ्रीड्रिख जागेवर रेखाटने करी आणि चित्र ड्रेस्डेनमधल्या खोलीत रचत असे. पुढच्या एका चित्रात तर त्याने बाल्टिक किनाऱ्याजवळचा हाच मठ उचलून दूर बोहेमियाच्या सीमेवरील रीझनगेबिर्गच्या डोंगरांत नेऊन ठेवला.

१८१० मध्ये बर्लिन अकादमीच्या प्रदर्शनात हे चित्र ‘समुद्रकिनारी भिक्षू’ या चित्राच्या जोडीने मांडले गेले. किशोरवयीन युवराजाच्या आग्रहावरून प्रशियाचा राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याने दोन्ही चित्रे विकत घेतली. दोन्हींची सफाई व दुरुस्ती होऊन २०१६ मध्ये ती पुन्हा प्रेक्षकांसमोर आली. पिवळी पडलेली व्हार्निश निघाल्यावर आकाशातील रंगच्छटा नीट दिसू लागल्या.

याच विषयावर फ्रीड्रिखने १८१७–१९ दरम्यान बर्फातील मठाच्या दफनभूमीचे चित्र काढले. ते १९४५ मध्ये बर्लिनमध्ये नष्ट झाले. आता ते कृष्णधवल छायाचित्रातच पाहता येते.