रिंग, क्रिस्टी

रिंग, क्रिस्टी : (१९२०–२ मार्च १९७९). आयरिश हर्लिंगपटू. हर्लिंग हा हर्ली नावाच्या लाकडी काठीने चेंडू मारून खेळायचा आयरिश सांघिक मैदानी खेळ आहे. जन्म कॉर्क परगण्यातील क्लॉइन गावी. ग्लेन रोव्हर्स हा त्याचा क्लब. १९३९ ते १९६३ या काळात कॉर्कच्या ज्येष्ठ संघातून खेळताना त्याने अखिल आयर्लंड स्पर्धेची ८ विजेतेपदे मिळवली (१९४१–४४, १९४६, १९५२–५४). त्यांपैकी १९४६, १९५३ व १९५४ मध्ये तो कर्णधार होता. मन्स्टर प्रांताकडून त्याने रेल्वे चषक ही आंतरप्रांतीय स्पर्धा १८ वेळा जिंकली. हर्लिंग हौशी खेळ असल्याने रिंग पोटासाठी तेलाचा टँकर चालवी.

रिंगची ओळख म्हणजे चेंडू हर्लीच्या पात्यावर (काठीच्या चपट्या टोकावर) तोलत मारलेली दौड. १९४४ च्या मन्स्टर अंतिम फेरीच्या फेरसामन्यात लिमरिकविरुद्धचा त्याचा निर्णायक गोल असाच होता. आजच्या नियमानुसार चेंडू हातात धरून ४ पावलांपेक्षा जास्त जाता येत नाही, म्हणून लांब दौड पात्यावरच करावी लागते. पाते आडवे राहिले नाही, तर चेंडू घरंगळतो. नजर चेंडूवरच खिळली, तर बचावपटू बाजूने हर्ली अडकवतो. हर्ली अॅश वृक्षाच्या बुंध्याच्या तळाकडील सुमारे सव्वा मीटर भागातून कापतात, कारण तेथे मुळाकडे वळताना लाकडाचे तंतूही वळतात. तंतू पात्याच्या वळणाबरोबर गेले नाहीत, तर पहिल्याच जोरदार टकरीत पाते चिरते.

सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद मुख्यतः आकड्यांवर चालतो. चॅम्पियनशिपमध्ये रिंगच्या नावावर ६४ सामन्यांत ३३ गोल व २०८ पॉइंट धरले जातात (चेंडू गोलखांबांमधून आडव्या दांडीखाली गेला तर गोल, वरून गेला तर पॉइंट; १ गोल = ३ पॉइंट); किलकेनीच्या हेन्री शेफ्लिनचे ७१ सामन्यांत २७ गोल व ४८४ पॉइंट, शिवाय प्रत्यक्ष मैदानात खेळून कमावलेली १० अखिल आयर्लंड विजेतेपदे. मात्र रिंगच्या काळी सामना ६० मिनिटांचा होता, पुढे तो ७० मिनिटांचा झाला. आणि १९९७ पूर्वी एक पराभव झाला की हंगाम संपे. त्यामुळे एकूण बेरजेपेक्षा दर सामन्यामागील गोलांचे प्रमाण हा निकष अधिक ग्राह्य वाटतो, आणि त्यात रिंग सरस ठरतो. नववे विजेतेपद १९५६ च्या अंतिम सामन्यात हुकले : वेक्सफर्डचा गोलरक्षक आर्ट फोली याने अखेरच्या मिनिटांत त्याचा फटका अडवला.

१९७६–७८ मधील सलग तीन विजेतेपदांच्या वेळी तो कॉर्कच्या निवड समितीत होता. २००५ पासून त्याच्या नावाने क्रिस्टी रिंग चषक खेळला जातो.