शांत ख्रिस्ती जीवन (ग्रामीण विदर्भ)

गाजावाजा न करता, हातच्या कामावर पोट भरत आणि पवित्र शास्त्रातले वचन रोजच्या वागणुकीला लावून जगण्याची ख्रिस्ती रीत. तिला मठ, वेगळा वेश किंवा व्रतबंध लागत नाही. थेस्सलनीका या ग्रीक शहरातल्या मंडळीत (ख्रिस्ती समाजात) काही जण कामधंदा सोडून नसत्या उठाठेवी करू लागले होते. शांत राहा, आपापला उद्योग बघा, स्वतःच्या हातांनी काम करा, असे प्रेषित पौलाने त्या मंडळीला पत्रांतून बजावले (१ थेस्सलनीका ४:११, २ थेस्सलनीका ३:११). न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे आणि देवाबरोबर नम्रपणे चालणे एवढेच मीखा संदेष्टा मागतो (६:८). वचन नुसते ऐकून सोडणारा स्वतःलाच फसवतो, असे याकोबाचे म्हणणे (१:२२). येशूच्या डोंगरावरील प्रवचनात तर दान, प्रार्थना आणि उपास तिन्ही लोकांच्या नजरेआड करायला सांगितले आहेत (मत्तय ६:१–१८). ज्या गावात कोणाची चूल उशिरा पेटली हेही शेजारपाजारी कळते, तिथे ही शेवटची आज्ञाच सर्वांत अवघड जात असणार.

विदर्भातल्या प्रॉटेस्टंट कार्याची सुरुवात स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले तेव्हापासून धरतात. त्यांनी शाळा चालवल्या, जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या चालीरीती टिपून ठेवल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना पुराच्या नाल्यात ते बुडाले. त्यांच्यानंतर यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, अकोल्याकडे अलायन्स (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स) आणि मेळघाटात कोरकूंमध्ये काम करणारी मिशने आली. यांतली फ्री मेथडिस्ट मंडळी अमेरिकेत १८६० मध्ये निघाली, तेव्हा चर्चमधले बाक भाड्याने देण्याला आणि गुलामगिरीला तिचा विरोध होता. साधे कपडे घाला, दागिने नकोत, हाही तिचा जुना आग्रह. कोरडवाहू कापसाच्या मुलखात त्यासाठी फार उपदेश करावा लागला नसावा. यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळक घडवणारी शाळा सुरू झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला हलली.

साध्या राहणीची आणि संध्याकाळच्या प्रार्थनेची ओळख इथल्या गावांना मिशनांनी करून दिली असे मात्र नाही. गाडगेबाबांचा झाडू आणि मोझरीच्या तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना याच मातीतली. कवी नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तोही नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ती भक्तीला अभंग-कीर्तनाचे वळण दिले. खेड्यातल्या मंडळीत पेटी, टाळ आणि ढोलकी घेऊन बसलेली भजनी मंडळी दिसते, तिच्यामागे टिळकांचे मोठे ऋण आहे.

घरगुती उपासना दिवेलागणीला होते. वावरातून आलेली माणसे हातपाय धुऊन चटईवर बसतात. आजीला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून शाळकरी नात अध्याय वाचते. मग एखादे गीत आणि प्रार्थना. वाचन ग्रांथिक मराठीत, पण प्रार्थना सरळ वऱ्हाडीत: ‘देवबापा, औंदा तरी पानी येऊ दे.’ त्या प्रार्थनेत गाभण गाय, दवाखान्यातला शेजारी आणि न बोलणारा चुलतभाऊ असे सगळे येतात.

खरी कसोटी शेतीच्या वेळापत्रकात लागते. मृगाचा पाऊस झाला आणि वापसा नेमका रविवारी आला तर काय करायचे? थांबावे तर ओल उडते, आणि पेरणी फसली तर दुबार बियाण्याचा खर्च. कोणी पहाटे कुटुंबासह प्रार्थना उरकून तिफण जुंपतो आणि शब्बाथाच्या (विसाव्याच्या) दिवशी बैल विहिरीत पडला तर कोण त्याला बाहेर काढणार नाही, हे येशूचे वचन (लूक १४:५) सांगतो. कोणी अजिबात जुंपत नाही, कारण शब्बाथाच्या आज्ञेत विसावा बैलालाही दिला आहे (अनुवाद ५:१४). दोघांच्याही हाती शास्त्रच असते. पाळकांनी (धर्मगुरूंनी) यावर एकच नियम घालू नये, तसा तो टिकतही नाही.

कर्जाचा पेच याहून मोठा. कोणाचे काही देणे ठेवू नका, असे पौल लिहितो (रोम १३:८), आणि इथला खरीप उभा राहतो तो सोसायटीच्या पीककर्जावर आणि कृषी केंद्राच्या उधारीवर. कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने २००६ मध्ये विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले होते. अशा ठिकाणी हे वचन शब्दशः लावले तर पेरणीच होणार नाही. म्हणून त्याचा व्यवहारी अर्थ निघतो: घेतलेले मुदतीत फेडावे, आणि लग्नाच्या मांडवासाठी, बँडसाठी कर्ज काढू नये. यात पळवाट आहे असे म्हणणारे म्हणोत. मांडवाचे कर्ज टाळणे हीसुद्धा लहान आज्ञाधारकता नव्हे.

सणावारी शेजारधर्म आणि आज्ञा समोरासमोर येतात. पोळ्याला ख्रिस्ती शेतकरीही बैल धुतो, शिंगे रंगवतो, पुरणपोळी चारतो. पूजा तेवढी करत नाही. झडत्या (पोळ्याला म्हटली जाणारी यमकांची कवने) ऐकायला तोरणाखाली बैल न्यायचे की नाही, यावर एकाच घरात बाप-लेकाचे पटत नाही. देवळातल्या भंडाऱ्याच्या (प्रसादाच्या जेवणाच्या) पंगतीबद्दल पौलाचा सल्ला कामी येतो: पुढे वाढलेले न विचारता खा, पण ते मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले तर खाऊ नका (१ करिंथ १०:२७–२८). नकार देताना आवाज चढवायचा नाही, हा त्यातला नम्रपणाचा भाग.

मजुरीच्या बाबतीत शास्त्र अजिबात मवाळ नाही. मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नये (लेवीय १९:१३), आणि अडवलेली मजुरी ओरडते, असे याकोब म्हणतो (५:४). निंदणाच्या बायांचा हिशेब बाजाराच्या दिवसापर्यंत लांबवणाऱ्याने हे दोन संदर्भ जरूर काढून बघावेत. शेताच्या कडेचा सरवा गरिबांसाठी ठेवण्याची आज्ञाही लेवीयच्या त्याच अध्यायात आहे.

शांत म्हणजे मुका असा अर्थ मात्र कोणी काढू नये. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे प्रेषितांनी न्यायसभेला तोंडावर सांगितले (प्रेषित ५:२९). वर्ध्याच्या मगनवाडीत राहून गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाचे काम करणारे जे. सी. कुमारप्पा हे तमिळ ख्रिस्ती, शिक्षणाने हिशेबतपासनीस. राहणी खादीची आणि साधी, तरी ते सरकारविरुद्ध लिहीत राहिले आणि तुरुंगातही गेले.

या शिकवणुकीचा सर्वांत जास्त गैरवापर बायकांच्या बाबतीत झाला आहे. ‘सौम्य व शांत आत्मा’ (१ पेत्र ३:४) हे शब्द दाखवून नवऱ्याची मारहाण सोसायला सांगितले जाते. त्याच अध्यायाच्या सातव्या वचनात नवऱ्यांना ताकीद आहे: बायकोचा मान राखा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी असे भांडण मिटवायला बसताना दोन्ही वचने एकत्र वाचावीत.